इन्स्पायर-मानकचा अर्ज : कल्पना वावरातली, नाव पासबुकातलं

पोळा तोंडावर आला की मुख्याध्यापक विचारतात, "सर, इन्स्पायरचं भरलं का?" मग पाच पोरं उभी केली जातात, इंटरनेटवरून पाच मॉडेलं उतरवली जातात आणि शेवटच्या दोन दिवसांत पोर्टल फिरत बसतं. आमच्या जिल्हा परिषद शाळेतही बरीच वर्षं असंच चाललं. यंदा जूनमध्येच लिहून ठेवतोय, गावोगावच्या शिक्षकांच्या आणि पालकांच्या कामी येईल.

इन्स्पायर-मानक ही केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची योजना. ती राबवण्यात गांधीनगरचं नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन सोबत असतं. मुलाने एक नवी, उपयोगाची कल्पना कागदावर मांडायची. निवड झाली तर ती प्रत्यक्ष करून दाखवायला 10,000 रुपये थेट त्याच्या बँक खात्यात येतात. अर्ज करताना मॉडेल लागत नाही. हे पुष्कळांना माहीत नसतं, म्हणून पालक आधीच थर्माकोल आणि मोटरवर खर्च करून बसतात.

पूर्वी सहावी ते दहावीचीच मुलं बसायची. 2024-25 पासून अकरावी-बारावीही आली. सरकारी, अनुदानित, खासगी, कोणतीही मान्यताप्राप्त शाळा चालते. टक्केवारीची अट नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, फी नाही. गणितात नापास होणारी पोरगीही बसू शकते, आणि माझा अनुभव विचाराल तर तिलाच आधी बसवा.

मात्र मूल स्वतःहून अर्ज करू शकत नाही. तो शाळेनेच करायचा असतो. शाळेने आधी वर्गावर्गांत कल्पना मागवायच्या आणि त्यातल्या उत्तम पाच ऑनलाइन पाठवायच्या, अशी रीत आहे. शाळेची नोंदणी एकदाच होते. यूडायस कोड (शाळेचा सरकारी क्रमांक), मुख्याध्यापकांचा मोबाइल आणि ईमेल टाकून पोर्टलवर अर्ज करायचा, तो जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे मान्यतेला जातो, मग लॉगिन मिळतं. जुनी शाळा असेल तर नोंदणी झालेलीच असते. बदली होऊन गेलेल्या सरांच्या मोबाइलवर ओटीपी जातो, हीच खरी अडचण. तो नंबर आत्ताच बदलून घ्या. मुदत गेली काही वर्षं सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते, पण त्या वर्षीचं पत्र पाहूनच चाला.

कागदं फार नाहीत. मुलाचं आणि पालकाचं नाव, वर्ग, जन्मतारीख, प्रवर्ग, आधार, फोटो, बँकेचा तपशील, मार्गदर्शक शिक्षकाचं नाव, कल्पनेचं शीर्षक, थोडक्यात सारांश आणि सोबत जोडायचं लेखन. हाताने काढलेली आकृती स्कॅन करून लावली तरी चालते. उलट ती बरी, पोराचा हात दिसतो.

घोळ होतो तो बँकेत. खातं मुलाच्या नावावर हवं, आधारशी जोडलेलं हवं आणि आधार, पासबुक, शाळेचं रजिस्टर या तिन्हीकडे नाव एकच हवं. आमच्या एका पोरीचं नाव आधारवर वडिलांच्या नावासकट, पासबुकात नुसतं आडनावासह आणि शाळेच्या रजिस्टरात तिसरंच होतं. तिची निवड झाली, पैसे अडकले, आणि तिचे बाबा डवरणीचे, म्हणजे पिकातलं तण काढायचे, दिवस सोडून चार वेळा तालुक्याला गेले. म्हणून मी आता जुलैतच पासबुकाचं पहिलं पान आणि आधार शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवतो. आधारचं बायोमेट्रिक पाचव्या आणि पंधराव्या वर्षी नव्याने द्यावं लागतं. ते राहिलं असेल तर आधी ते उरका.

आता कल्पनेचं. तपासणारे पाहतात ते असं : नवेपणा, प्रत्यक्षात उतरण्याची शक्यता, समाजाला उपयोग, पर्यावरणाला त्रास नसणं, वापरायला सोपं असणं आणि आज आहे त्यापेक्षा काय बरं. ज्वालामुखी, पावसाचा अलार्म, धरणाची प्रतिकृती ही प्रदर्शनात शोभतात, पण त्यांत नवं काहीच नसतं.

आपल्याकडे विदर्भात विषयांना तोटा नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. सातवीतली एक मुलगी वर्गात म्हणाली, "सर, वारा फिरला का बाबाले कळतच नाही, सारं तोंडावर येते." त्यातून तिने पंपाच्या नळीवर बसणारी हलकी झेंडी सुचवली. वारा अंगावर फिरला की झेंडी आपल्याकडे वळते, हात थांबतो. खर्च पाच-दहा रुपयांचा. ही आरोग्याची कल्पना झाली, आणि ती तिच्याच घरातली.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंही तसंच. गडचिरोलीकडे, मेळघाटात हा आजार घरोघरी ऐकू येतो. अंगातलं पाणी कमी झालं की या रुग्णांच्या दुखण्याची कळ उठते, हे डॉक्टर सांगतात. मग मे महिन्यात तेंदूपत्त्याला जाणाऱ्या आईला दर तासाला पाण्याची आठवण कशी द्यायची, हा पोरासाठी चांगला प्रश्न आहे.

पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, बाबतीत मात्र सावध राहा. पऱ्हाटीच्या काड्यांपासून पार्टिकल बोर्ड बनवण्याचं काम नागपुरात कापूस तंत्रज्ञान संस्थेने केव्हाच केलंय. तेच पुन्हा लिहिलं तर कल्पना बाद. पण वावरातल्या पऱ्हाटीची जागीच कुट्टी कशी करायची, म्हणजे बोंडअळीला दडायला जागा राहणार नाही आणि धुऱ्यावर (बांधावर) जाळायचीही वेळ येणार नाही, यात अजून बरंच करण्यासारखं आहे. पाण्याचंही तेच. पिण्याच्या पाण्यातलं जास्तीचं, अपायकारक फ्लोराइड काढायची तुरटी-चुन्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनेच दिली. यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणी, पांढरकवडा भागातल्या घरात ती रोज कोण करणार, मात्रा कशी मोजणार, गाळ कुठे टाकणार? नवं शोधायचं ते इथे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या पोरांना तर खारं पाणी हा विषय शिकवावाच लागत नाही.

एक विनंती. कल्पना लिहून देऊ नका. भाषा सुधारा, आकृतीला बाणांची नावं द्या, पण "हे तुला कुठे दिसलं?" याचं उत्तर मुलाचंच राहू द्या. जिल्हा प्रदर्शनात परीक्षक नेमकं तेच विचारतात, आणि सरांनी लिहिलेलं पोर तिथे गप्प उभं राहतं.

निवड झाली की आधी जिल्हास्तरावर प्रदर्शन, तिथून थोडी राज्याला, मग राष्ट्रीय पातळी. तिथल्या शेवटच्या साठ जणांना राष्ट्रीय पुरस्कार. 10,000 रुपयांतच साहित्य आणि जिल्ह्यापर्यंतची ने-आण बसवायची, तेव्हा बिलं जपून ठेवा. आणि मॉडेल एसटीच्या दारातून आत जाईल एवढंच करा. आमचं पहिलं मॉडेल पाच फुटांचं होतं, ते टपावर बांधून नेलं आणि जिल्ह्याच्या स्टँडवर उतरवलं तेव्हा अर्धंच उरलं होतं.