पत्रा कापताना उडणारा धुरळा

मे महिन्यात नागपूरच्या वस्त्यांमध्ये छपरं बदलायची घाई असते. पारा ४५ अंशांवर, आणि मिस्त्री छपरावर बसून ग्राइंडरने पत्रा कापतोय. उन्हापासून वाचायला तोंडाला दुपट्टा बांधलेला, भोवती पांढरट धुरळा. आपण त्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो, म्हणून धुरळाही सिमेंटचाच समजतो. पण अशा जुन्या पत्र्यांत साधारण दहावा हिस्सा अ‍ॅस्बेस्टॉस असतो.

अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे तंतूंचा दगड. तो उभा चिरत जातो आणि केसाहून कितीतरी बारीक सुया होतात. दुपट्टा त्यांना अडवत नाही, त्या थेट फुफ्फुसाच्या तळाशी पोचतात. तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी बाहेरचा कण गिळून टाकतात, पण लांब तंतू त्यांच्या पोटात मावत नाही. अर्धवट गिळलेल्या अवस्थेत पेशी मरते आणि तिच्यातली दाहक रसायनं आजूबाजूला सांडतात. मग दुसरी पेशी येते, तिचंही तेच होतं. वर्षानुवर्षं धुमसणाऱ्या या दाहात शेजारच्या पेशींच्या डीएनएला इजा होत राहते. त्यातून फुफ्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो, किंवा फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, म्हणजे मेसोथेलिओमा. काही तंतू त्या आवरणापर्यंत सरकतात.

१९६० साली दक्षिण आफ्रिकेतल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणपट्ट्यातल्या रुग्णांवरून मेसोथेलिओमाचा हा संबंध उघड झाला. त्यांत खाणीत कधीच न उतरलेली माणसंही होती. कामगाराचे धुळीने भरलेले कपडे झटकून धुणाऱ्या बायकांनाही हा आजार झाल्याच्या नोंदी आहेत.

डोक्यावरचा धड पत्रा बघून घाबरायचं कारण नाही. तंतू सुटतात ते कापताना, भोकं पाडताना, फोडताना. जुन्या बॉयलरचं आवरण काढणारे, जुने ब्रेक लायनर घासणारे यांनाही तोच धोका. हे तंतू आत घेणारा बिडी-सिगारेटही ओढत असेल, तर त्याला फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका कैक पटींनी वाढतो. पत्रा ओला करून, ग्राइंडरऐवजी हातकरवतीने कापला, भुकटी कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने टिपली, तर हवेत जाणारे तंतू बरेच कमी होतात. काढता येत असेल तर पत्रा न तोडता, अख्खाच उतरवावा. तोंडाला मात्र बारीक तंतू अडवणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्कच हवा.

मला सर्वात जास्त छळतो तो मधला काळ. तंतू आत गेल्यापासून मेसोथेलिओमा दिसेपर्यंत बहुधा २० ते ५० वर्षं जातात. तोवर ठेकेदार बदललेला, छप्पर कुणाचं होतं तेही विसरलेलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं जपायला सांगितल्या. पण रोजंदारीवरच्या मिस्त्रीचं नाव कुठल्या रजिस्टरात असणार? म्हणून दम लागतो, छातीत पाणी झालं म्हणून डॉक्टरकडे गेलात, तर त्यांनी विचारलं नाही तरी तुम्हीच सांगा: तरुणपणी पत्रे कापायचो.