कूलगार्डी : उफणलेलं सोनं, विकत घेतलेलं पाणी

ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून ग्रेट ईस्टर्न हायवेने पूर्वेला निघालं की रस्त्याच्या सोबतीला एक जाडजूड पाइपलाइन येते. गव्हाची शेतं संपतात, लाल माती आणि झुडपं लागतात, तरी ती सुटत नाही. साधारण साडेपाचशे किलोमीटरवर कूलगार्डी येतं. आज हे छोटंसं गाव आहे, पण त्याचा मुख्य रस्ता, बेली स्ट्रीट, एवढा रुंद की तिथे आठवडी बाजार भरावा. त्याच रस्त्यावर १८९८ मधली वॉर्डन्स कोर्टाची, म्हणजे खाणींचे हक्क आणि तंटे पाहणाऱ्या न्यायालयाची, भव्य दगडी इमारत उभी आहे. इथे जाणाऱ्याने आधी ती पाइपलाइन समजून घ्यावी, मगच ही इमारत पाहावी.

सप्टेंबर १८९२ मध्ये आर्थर बेली आणि विल्यम फोर्ड यांना इथे सोनं सापडलं. बेली घोड्यावरून सदर्न क्रॉस या गावाला गेला आणि ५५४ औंस सोनं दाखवून त्याने आपला हक्क नोंदवला. बातमी फुटली तशी माणसं मिळेल त्या वाटेने, कित्येक तर पायीच, या रानात घुसली. काही वर्षांतच पर्थ आणि फ्रीमँटलच्या खालोखाल वेस्टर्न ऑस्ट्रेलियातलं हे सर्वांत मोठं शहर झालं.

पण ना नदी, ना ओढा. खडकातल्या खळग्यांत साचणारं पावसाचं पाणी इथले मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या जपून वापरत आले होते. हजारोंच्या लोंढ्यापुढे ते किती पुरणार? सोन्यापायी त्यांच्या तोंडचं पाणी पळालं, हे विसरून या गावाचं कौतुक करता येत नाही.

धुवायला पाणी नाही म्हणून सोनं चक्क उफणलं जाई. खळ्यावर धान्य वारवतात तशी माती एका घमेल्यातून दुसऱ्यात उंचावरून सोडायची. धूळ वाऱ्यावर जायची, जड कण खाली पडायचे. पिण्यासाठी खारं पाणी लाकडं जाळून उकळायचं, वाफेचं पुन्हा पाणी करायचं आणि ते गॅलनच्या मापाने विकायचं. टायफॉइडने किती जीव घेतले, ते गावाबाहेरची दफनभूमी सांगते.

अन्न टिकवायची युक्तीही इथलीच. आर्थर मॅककॉर्मिकने तयार केलेल्या ‘कूलगार्डी सेफ’मध्ये वर पाण्याचा ट्रे आणि चारही बाजूंनी ओलं गोणपाट असे. वारा लागला की आतलं लोणी, मांस गार राही. आपल्या माठाचंच तत्त्व.

१८९६ मध्ये रेल्वे आली. तोवर आणि पुढेही आडरानात सामान वाहिलं ते उंटांनी. उंटवाल्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत, पण त्यांतले बरेच बलुचिस्तान, सिंध, पंजाबचे. कराचीहून जहाजाने उंट येत, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती.

शेवटी सी. वाय. ओकॉनर या इंजिनिअरने पर्थजवळच्या मंडेरिंग धरणातून आठ पंपिंग स्टेशनांच्या जोरावर पाणी चढवत आणायची योजना आखली. वर्तमानपत्रांनी त्याच्यावर आरोपांची राळ उडवली. मार्च १९०२ मध्ये त्याने समुद्रकिनाऱ्यावर स्वतःला गोळी घातली. पाणी पोचलं, अगदी त्याच्या हिशेबाप्रमाणे, आणि जानेवारी १९०३ मध्ये योजनेचं रीतसर उद्घाटन झालं.

तोवर कूलगार्डीचं वरवरचं सोनं सरत आलं होतं आणि माणसं चाळीस किलोमीटरवरच्या कॅलगुर्लीकडे वळली होती. पाइपलाइनही तिकडेच पुढे जाते. कूलगार्डीच्या नळांना आजही तिचंच पाणी येतं.