ईस्टरची आध्यात्मिक तयारी (ग्रामीण विदर्भ)

येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाच्या सणाआधी कॅथलिक भाविक प्रार्थना, उपवास, दानधर्म आणि पापनिवेदन (धर्मगुरूपुढे पापांची कबुली) यांतून मनाची जी मशागत करतात, त्या काळाला उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ म्हणतात. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा ईस्टर, म्हणून तो 22 मार्च ते 25 एप्रिलच्या दरम्यान येतो. खेड्यात पंचांगावरून सांगायचे तर बहुधा होळीची किंवा हनुमान जयंतीची पौर्णिमा उलटल्यावरचा रविवार. विदर्भात तेव्हा गहू-हरभरा निघालेला असतो, पूर्वेकडच्या जंगलात मोह गळत असतो आणि ऊन दिवसागणिक चढत असते.

हा काळ विदर्भात सगळीकडे एकाच दिवशी सुरू होत नाही. नागपूर (धर्मप्रांत 1887, महाधर्मप्रांत 1953) आणि अमरावती (1955) हे लॅटिन विधीचे, म्हणजे रोमन उपासनापरंपरेचे धर्मप्रांत (बिशपच्या अखत्यारीतले प्रदेश). वर्धा, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्हे मात्र बल्लारपूरला मुख्यालय असलेल्या चांदा धर्मप्रांतात येतात आणि तिथे सिरो-मलबार विधी, म्हणजे केरळातली पौर्वात्य कॅथलिक उपासनापरंपरा चालते. लॅटिन विधीत उपवासकाळ राखेच्या बुधवारी, कपाळाला राख लावून सुरू होतो. सिरो-मलबार परंपरेत महाउपवास त्याच आठवड्याच्या सोमवारी सुरू होतो. म्हणजे वणीकडून वर्धा नदी ओलांडून घुग्गुसला गेले, तर तिथले ख्रिस्ती लोक दोन दिवस आधीच उपवासाला लागलेले असतात. लॅटिन विधीत चाळीस दिवस मोजताना रविवार धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचाच दिवस मानला जातो.

राखेसाठी मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) मिळालेल्या झावळ्या जपून ठेवतात. वर्षभर घरात क्रुसामागे खोचलेली, वाळून कडक झालेली पाने लोक देवळात आणून देतात. ती घमेल्यात जाळायची, राख थंड झाली की फडक्यातून गाळायची. कपाळावर क्रूस काढताना फादर म्हणतात, ‘तू माती आहेस आणि मातीला मिळशील.’ शेतकऱ्याला हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही.

उपवास या शब्दाने मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर साबुदाणा आणि भगर येते. इथे फराळाचे वेगळे पदार्थ नसतात. लॅटिन विधीच्या नियमानुसार राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोन दिवशी 18 ते 59 वर्षांच्या माणसांनी एकच पूर्ण जेवण घ्यायचे. मांस वर्ज्य करण्याचा नियम 14 वर्षांपासून लागू होतो. वाचलेले अन्न किंवा पैसा गरजूंसाठी बाजूला काढला नाही, तर उपवास अर्धाच राहतो.

दर शुक्रवारी क्रुसाची वाट होते. चौदा ठिकाणी थांबून ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे मनन करायचे. गडचिरोली-गोंदियाकडे मोहफुले वेचायला माणसे पहाटे अंधारात टोपल्या घेऊन निघतात, दुपारी ऊन असह्य असते, म्हणून प्रार्थनेला संध्याकाळच सोयीची. मिशन केंद्रापासून लांबच्या टोल्यांवर, जिथे फादर रोज पोहोचू शकत नाहीत, तिथे गावातला धर्मशिक्षक किंवा एखादी जाणती बाई ही भक्ती चालवते. या लोकांमुळेच लहान गावांत उपवासकाळ टिकून आहे, हे नोंदवायला हवे.

सगळ्या तयारीचा गाभा पापनिवेदन आहे. वर्षातून निदान एकदा गंभीर पापे कबूल करावीत असा ख्रिस्तसभेचा नियम आहे आणि बहुतेक लोक त्यासाठी हाच काळ निवडतात. कबुलीपेक्षा अवघड असतो समेट. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, असे मत्तयच्या शुभवर्तमानात (5:23-24) सांगितले आहे. दहा-बारा ख्रिस्ती घरांच्या वस्तीत धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) अबोला धरलेले दोघे देवळात एकाच सतरंजीवर बसतात. तिथे ही ओळ फार जवळून लागते. फादरांपुढे गुडघे टेकण्याआधी शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन ‘झालं गेलं जाऊ दे’ म्हणणे, ही या काळातली खरी कसोटी.

झावळ्यांच्या रविवारी पवित्र आठवडा सुरू होतो. विदर्भात नारळ दुर्मीळ, म्हणून शिंदीची पाने किंवा दुसऱ्या झाडांच्या डहाळ्याही चालतात. गुरुवारी संध्याकाळी, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याच्या आठवणीने, फादर बारा जणांचे पाय धुतात. लॅटिन विधीत 2016 पासून त्यांत स्त्रियांनाही घेता येते. त्या मिस्सातल्या (मुख्य उपासनेतल्या) गौरवगीतानंतर घंटा मुक्या होतात आणि घंटेऐवजी लाकडी फळ्या आपटतात. शुक्रवारी मिस्सा होत नाही. क्रुसाचे चुंबन घ्यायला लोक अनवाणी रांगेत येतात.

शनिवारी रात्री देवळाबाहेर नवा अग्नी पेटवून त्यावर पास्काची, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाची मेणबत्ती लावतात. तिच्यावर क्रूस आणि चालू वर्षाचे आकडे कोरलेले असतात. अंधाऱ्या देवळात त्या एका ज्योतीवरून प्रत्येकाच्या हातातली मेणबत्ती पेटत जाते. मग बाप्तिस्म्याची वचने पुन्हा घेतली जातात, आणि चाळीस दिवस न गायलेला ‘आलेलुया’ लोक मोकळ्या गळ्याने म्हणतात.