कुंड्या ठेवल्या की रंगाचा वास जातो का?

पाडव्याच्या सुमारास घर विकायला काढणाऱ्यांपर्यंत हा सल्ला फिरत फिरत येतोच: नव्या रंगाच्या खोलीत मनी प्लँट, स्नेक प्लँटच्या चार कुंड्या ठेवा, रात्रीत वास आणि विषारी वायू शोषले जातील.

याला आधार अजिबात नाही असं नाही. १९८९ साली अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत अशा झाडांभोवतीच्या हवेतलं बेंझीन हे विषारी रसायन घटलेलं दिसलं होतं. पण ती झाडं छोट्या, हवाबंद पेटीत होती. घरात दाराच्या फटींतून, खिडक्यांतून हवा सतत बदलते आणि वायू बाहेर जातात. त्यापुढे पानांचं काम अगदीच थोडं. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करून हिशेब मांडला गेला, तेव्हा या हवा-बदलाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला किमान १० झाडं लागतील असं निघालं. म्हणजे १० बाय १० फुटांच्या खोलीत नव्वदेक कुंड्या!

पडताळून पाहायचं तर सोपं आहे. कुंड्या ठेवून खोली रात्रभर बंद करा. सकाळी शेजारच्यांना वास घ्यायला बोलवा, कारण आपल्या नाकाला तो सवयीचा झालेला असतो. मग समोरासमोरच्या खिडक्या तासभर उघडून पुन्हा विचारा.

झाडं जरूर ठेवा, खोली प्रसन्न दिसते. रंग मात्र लोक बघायला येण्याच्या पंधरा दिवस आधी उरकून घ्या आणि डबा घेताना कमी व्हीओसीचा, म्हणजे हवेत उडून जाणारी रसायनं कमी असलेला, मागा.