गळणारा घाम आणि वाळणारा घाम

21 जूनचा योग दिन जवळ आला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "आज मस्त घाम निघाला, सगळी घाण बाहेर पडली." घामातून अशी काही घाण बाहेर पडत नाही. घाम म्हणजे जवळपास 99 टक्के पाणी, थोडं मीठ आणि नावापुरता युरिया. रक्त गाळायचं काम मूत्रपिंडं रात्रंदिवस करतात, ती सूर्यनमस्कारांची वाट बघत बसत नाहीत. आसनांनंतर काट्यावर अर्धा किलो कमी भरलं, तर तेही पाणीच. ते पिऊन भरून काढायचं असतं, त्याचा आनंद मानायचा नसतो.

घाम खरा उपयोगी पडतो तो वाळताना. अंगावरचा 1 ग्रॅम घाम वाफ होऊन उडाला की सुमारे 2.4 किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. टपकून सतरंजीवर पडलेला घाम मात्र जवळजवळ काहीच नेत नाही. शांत बसलेल्या माणसाचं शरीर साधारण 100 वॅट उष्णता तयार करतं, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. दमदार सूर्यनमस्कारात ती तीन-चार पट होते. 350 वॅट नुसत्या घामावर बाहेर काढायचे म्हटले, तर तासाला अर्धा लिटरहून थोडा जास्त घाम वाळायला हवा. गळायला नव्हे, वाळायला.

आता वाळणं कशावर अवलंबून? इथे जरा आकडेमोड आहे. ओल्या त्वचेलगतच्या हवेत वाफ ठासून भरलेली असते. त्वचा 35 अंशांवर असेल तर त्या वाफेचा दाब पाऱ्याच्या 42 मिलिमीटरएवढा असतो. सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी पारा 42 अंशांवर आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर भोवतालच्या हवेतल्या वाफेचा दाब फक्त 9 मिलिमीटर. फरक 33चा. जुलैच्या सकाळी 25 अंश आणि 90 टक्के आर्द्रता असताना हवेतला दाब 21च्या आसपास, म्हणजे फरकही 21च. वाफ या उतारावरून घरंगळते. उतार जितका तीव्र, तितका घाम लवकर वाळतो. म्हणून मे महिन्यात "मला घामच येत नाही" म्हणणाऱ्याला तो भरपूर येत असतो, दिसायच्या आत उडून जातो एवढंच. शोष पडतो तो असा, कपडे कोरडे असताना. जुलैत उलट: अंग निथळतं, पण उडणारा घाम त्या मानाने कमी.

मग मेच्या दुपारी आसनं करावीत का? नाही. हवा त्वचेपेक्षा गरम असली की उष्णता उलटी, बाहेरून अंगात येते आणि सगळा भार एकट्या घामावर पडतो. परदेशी 'हॉट योगा'वाले खोली मुद्दाम 40 अंशांपर्यंत तापवून त्याचे पैसे घेतात. आपल्याकडे ते एप्रिलपासून फुकट आहे, आणि तरी घेऊ नये. मे महिन्यात इथे सूर्य सहाच्या आधीच उगवतो. साडेपाचला सुरुवात करून सातच्या आत शवासन संपवावं.

बंद हॉलचा हिशेब तर करून बघण्यासारखा आहे. हॉल 30 बाय 50 फूट, उंची 12 फूट, म्हणजे सुमारे 510 घनमीटर हवा. पावसाळ्यात 28 अंश आणि 80 टक्के आर्द्रता धरू. अशा हवेत दर घनमीटरला अजून साधारण 5 ग्रॅम वाफ मावते. सगळ्या हॉलमध्ये मिळून अडीच लिटर. आत 40 जण आहेत, प्रत्येकाचा श्वास आणि घाम मिळून ताशी निदान 100 ग्रॅम, म्हणजे 4 लिटर. खिडक्या लावलेल्या असतील तर चाळीस मिनिटांच्या आत हवा तुडुंब भरते. त्यानंतर प्रत्येकाचा घाम वाळतो कमी आणि गळतो जास्त. उपाय म्हणजे समोरासमोरच्या खिडक्या उघडणं. पंखा त्वचेलगतचा वाफेचा थर ढकलतो, पण बंद हॉलमध्ये तीच ओली हवा फिरवत राहतो. हवा 40 अंशांच्या वर गेली की पंख्यावर विसंबू नये, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. भट्टीपुढे पंखा लावल्यासारखं ते होतं.

यंत्रमागावर काम करणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून विणकामाच्या शेडमध्ये ओलावा टिकवतात. सुताला मानवतं ते घामाला नाही. कामाची पाळी सुटल्यावर लगेच जोरकस आसनं न करता आधी मोकळ्या हवेत पंधरा-वीस मिनिटं बसावं.

शीतली प्राणायामाबद्दलही थोडं. जीभ नळीसारखी वळवून श्वास घेतला की ओल्या जिभेवरून कोरडी हवा जाते, जीभ गार पडते, बरं वाटतं. पण मिनिटाला 6 लिटर हवा धरली, तर अशा श्वासातून तासाभरात जेमतेम 10 ग्रॅम पाणी उडतं, सुमारे 7 वॅट. साध्या श्वासातही त्याच्या जवळपासच जातं. जीभ गार झाली, रक्त नाही. शीतलीच्या भरवशावर उन्हात बसू नये.

उन्हाळ्यात चक्कर येते ती बहुधा उत्तानासनातून, म्हणजे उभ्याने पुढे वाकलेलं असताना, उठताना. उष्णता टाकायला रक्त त्वचेकडे वळलेलं असतं, उभं राहताच ते पायात उतरतं आणि मेंदूला क्षणभर कमी पडतं. अर्ध्यावर दोन श्वास थांबून उठावं. शवासनातून कुशीवर वळून. अर्धा तास आधी दोन पेले पाणी, नंतर मीठ घातलेलं ताक.

अंथरायचं काय, हा प्रश्न सोलापुरात तरी पडू नये. प्लॅस्टिकची मॅट घाम शोषत नाही, त्यामुळे अधोमुख श्वानासनात, म्हणजे हातपाय टेकून कंबर वर उचलतात तेव्हा, तळवे पुढे सरकतात. त्यावर सोलापुरी टॉवेल टाकावा, पण नवा कोरा नको. नव्यावर कारखान्यातल्या सफाईचा (फिनिशिंगचा) थर असतो, पाणी वरच राहतं. तीन-चार धुण्यांनंतर टॉवेलच्या सुताचे फासे मोकळे होतात आणि घाम आत ओढतात. कोरडा टॉवेल सुरुवातीला निसटतो, म्हणून हातापायांच्या जागी पाणी शिंपडावं. नुसती चादर गुळगुळीत शहाबादी फरशीवर घसरते. ती बसून करायच्या आसनांपुरती.

राहिली गच्ची. पाच इंची स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री उशिरापर्यंत ते परत देत बसतो, म्हणून संध्याकाळी हवा गार वाटली तरी पाठ भाजते. इथेही तेच वाळणं कामाला येतं. एक चौरस मीटर स्लॅबवर 1 लिटर पाणी पूर्ण उडालं, तर हिशेबाने स्लॅब 9 अंशांनी उतरायला हवा. प्रत्यक्षात काही उष्णता हवेतूनच येते, त्यामुळे उतार कमी मिळतो. मात्र पाणी शिंपडून लगेच मॅट अंथरली की तेवढ्या तुकड्याचं वाळणं थांबतं आणि नेमकी पाठीखालचीच जागा गरम राहते. स्लॅब वाळून पांढरा पडू द्यावा, मग अंथरावं.