उखा: उकिरड्यावरून उचलून आणलेलं नाव

मुलगा झाला तरी चालेल, मुलगी झाली तरी चालेल, असं एकच नाव आधीच ठरवून ठेवायची हौस आता खान्देशातल्या तरुण आईबापांनाही लागली आहे. किरण, शीतल, सुमन ही नावं त्यांना जुनाट वाटतात. त्यांच्या पणजोबांच्या पिढीकडे असं एक नाव होतं आणि ते ठेवताना हौसेचा लवलेश नसायचा. ते नाव म्हणजे उखा. मुलगा असेल तर उखाजी, मुलगी असेल तर उखाबाई. जळगावच्या पूर्वेला आणि पुढे वऱ्हाडाकडे तेच लांबून उखर्डू आणि उखर्डाबाई होतं.

उखर्डा म्हणजे उकिरडा. ज्या घरात लेकरं जन्मून दगावत, तिथे पुढचं मूल झालं की त्याला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवायचं. हे टाकलेलं आहे, याच्यावर कोणाचा जीव नाही, असं नियतीला आणि नजरेला दाखवायचं. मग शेजारच्या बाईने किंवा आत्याने ते ‘सापडलं’ म्हणून उचलून आणायचं आणि आईने मूठभर धान्य देऊन ते तिच्याकडून परत घ्यायचं. नाव आयतंच मिळालेलं असायचं. सटवीने कपाळी काही लिहिलं असेल तर ते या घराच्या मुलाच्या, आणि हे तर उकिरड्यावरचं. असा तो सगळा बनाव.

हा बनाव किती जुना आहे ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. विपाकसूत्र या अर्धमागधी जैन आगमात, म्हणजे धर्मग्रंथात, सुभद्रा नावाच्या सार्थवाहपत्नीची, म्हणजे व्यापारी तांड्याच्या प्रमुखाच्या बायकोची, गोष्ट आहे. तिची मुलं जन्मताच जात. म्हणून नवं मूल जन्मल्याबरोबर ती ते उकिरड्यावर टाकायला लावते आणि लगेच उचलून आणवते. मुलाचं नाव पडतं उज्झितक, म्हणजे टाकलेला. उकिरड्यासाठी तिथे आलेला प्राकृत शब्द आहे ‘उक्कुरुडिया’. तो मोठ्याने म्हणून पाहा, उखर्डा हाकेच्या अंतरावर ऐकू येतो.

उखा हे उषेचं रूप असावं, असंही कोणाला वाटेल. गुजरातीत उषेला ओखा म्हणतात आणि खान्देशाला गुजरातचा शेजार आहे. उखाबाईपुरतं हे जमून जातं. उखाजीचं काय करायचं? शिवाय त्याच गुजरातीत उकरडो म्हणजे उकिरडा, आणि उकाभाई हे पुरुषाचं नाव. मला उकिरडाच खरा वाटतो.

आपल्याकडेच कचरू आणि कचराबाई, दगडू आणि दगडाबाई, भिका आणि भिकाबाई अशा जोड्या आहेत. तेलुगूत पेंटय्या-पेंटम्मा, तमिळमध्ये कुप्पुस्वामी-कुप्पम्माळ. तिथेही मुळाशी उकिरडा नाहीतर केरच. नथूची तऱ्हा अजून वेगळी: मुलाचं नाक टोचून नथ घालायची, म्हणजे ती मुलगी आहे असं समजून मृत्यूने वाट बदलावी.

बहिणाबाई चौधरींचा जन्म जळगावजवळच्या आसोद्याचा, 1880 सालचा. त्यांच्या वडिलांचं नाव उखाजी महाजन आणि नवऱ्याचं नथूजी चौधरी. आज ही नावं ऐकून कोणी हसेल. तेव्हा गावात अशा नावाने हाक मारली तर दोघेतिघे ‘ओ’ देत असतील.

एक गल्लत मात्र करू नये. नकुशा हे नाव या माळेतलं नाही. ते मुलगी नको होती म्हणून ठेवलेलं. सातारा जिल्ह्यात 2011 मध्ये अशा दोनशेहून अधिक मुलींची नावं समारंभपूर्वक बदलली गेली. उखाबाई नावामागे तर मुलगी हवी होती, इतकी हवी होती की तिला घाण म्हणवून घ्यायचीही तयारी होती. उखाजींच्या मानाने उखाबाई कमी दिसतात, हेही खरं. मुलीसाठी सूप घेऊन उकिरड्यापर्यंत जाणारी घरं थोडी असणार.

नाव मागे पडलं ते लोकांची रुची सुधारली म्हणून, असं सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटतं. पटकी, देवी, 1896 पासूनचा प्लेग, संवत 1956 चा (म्हणजे इसवी 1899-1900 चा) छप्पन्न्या दुष्काळ, 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ, या सगळ्यांतून लेकरू वाचवायचं तर बाईच्या हाती होतं काय? 1971 मध्येसुद्धा भारतात जन्मलेल्या हजार बाळांपैकी 129 पहिला वाढदिवस पाहत नव्हती. 2020 मध्ये हा आकडा 28 वर आला, महाराष्ट्रात 16 वर. 1977 मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. लसी आल्या, दवाखान्यात बाळंतपणं होऊ लागली, तशी उकिरड्यापर्यंत जायची गरज सरली. शाळेच्या हजेरीने उरलेलं काम केलं. वर्गात ‘उखर्डू’ पुकारलं की हशा पिकायचा, मग कोणी पुढे राजपत्रात जाहिरात देऊन उमेश व्हायचा. आता जन्मनोंदणीत नाव नंतरही घालता येतं, वर्षभरात विनाशुल्क. त्यामुळे आईबाप महिनोन् महिने मोबाइलवर नावं चाळत बसतात. तोवर बाळाच्या गालावर काजळाची तीट असतेच.

उखा उरला आहे तो वडिलांच्या, आजोबांच्या नावाच्या रकान्यात. तलाठ्याकडे वारसनोंद करायला गेलं की सातबाऱ्यावर तो भेटतो, आणि तीन पिढ्यांत तिघांनी तो तीन तऱ्हांनी लिहिलेला असतो: उखा, उखाजी, उखर्डू. हे तिन्ही एकच माणूस आहेत, असं प्रतिज्ञापत्र मग विहान नावाच्या मुलाच्या बापाला करून द्यावं लागतं.