नर्सिंगला जायचंय? अल्पसंख्याक मुलींनी आधी दाखल्याचा विचार करावा

बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून 45 टक्के गुण आणि इंग्रजी विषय असेल, तर बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा देता येते. कला-वाणिज्यच्या मुलींना तीन वर्षांच्या जीएनएमचा, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी पदविकेचा मार्ग आहे. वय 17 पूर्ण हवं. इथवर फारसं अवघड नाही. गोंधळ होतो तो फीच्या वेळी.

मुस्लिम, ख्रिश्चन, जैन, बौद्ध, शीख, पारशी आणि महाराष्ट्रात ज्यूसुद्धा अल्पसंख्याक. त्यांच्यासाठी महाडीबीटी या सरकारी अर्ज-पोर्टलवर राज्याची शिष्यवृत्ती आहे, आणि पालक डोळे झाकून तीच निवडतात. जरा थांबा. बागवान, तांबोळी, मोमीन अशा अनेक मुस्लिम जाती ओबीसी यादीत आहेत. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्याला आणि अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही. जातीचा आधार नसेल, तर पात्र कुटुंबातल्या मुलीला ईडब्ल्यूएस दाखला मिळू शकतो. त्यासाठी धर्म आड येत नाही. नवबौद्ध मुलींनी अनुसूचित जातीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आधी पाहावी.

ओबीसी दाखल्याला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेचा दाखला बहुधा उर्दू शाळेत पडून असतो, तो बारावीच्या वर्षातच काढा. जात पडताळणी आणि नॉन-क्रीमीलेअर (उत्पन्न मर्यादेत असल्याचा) दाखल्याला वेळ जातो. बाकी कागद नेहमीचे: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, कॅपचं अलॉटमेंट पत्र, शिक्षणात खंड असल्यास त्याचं प्रतिज्ञापत्र. अल्पसंख्याक योजनेसाठी धर्माचं स्वयंघोषणापत्रही. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल, तर मंजूर झालेला पैसाही अडकतो.

अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजात त्या समाजासाठी किमान 51 टक्के जागा असतात, हेही लक्षात असू द्या. वसतिगृह आणि पुस्तकांचा खर्च उरलाच, तर मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचं शैक्षणिक कर्ज आहे. जामीनदार आधी शोधून ठेवा.

मालेगाव-भिवंडीच्या बाळंतीण कक्षात बाईची बोली समजणारी नर्स असेल, तर ती आपलं दुखणं मोकळेपणी सांगते. म्हणून जीएनएमलाही कमी लेखू नका.